मापाला पाठवलेलं दुखणं

मास्तरांनी कात्री उचलून हात टेबलाच्या पलीकडच्या काठाकडे नेला आणि तो अर्ध्या वाटेतच थांबला. खाली गडद निळं लोकरी कापड अंथरलेलं, त्यावर खडूच्या रेघा मारून झालेल्या, आणि वर मास्तरांचा हात फाटकापाशी खोळंबलेल्या ट्रकसारखा उभा. पुढे जाईना, मागे येईना. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या चष्म्याच्या दुकानात अक्षरं वाचणारं गिऱ्हाईक दोन ओळी गाळून थेट तळाला पोचलं. त्या दिवशी त्याला जो नंबर निघाला तो म्हणे आजतागायत बदलावा लागलेला नाही.

"आधी कात्री खाली ठेवा," बायको मशीनवरून म्हणाली. "ओरडायचं ते मग ओरडा. कापडाला लागेल."

कापड होतंच तसं मोलाचं. येत्या रविवारी मास्तरांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि हे कापड होणाऱ्या जावयाच्या कोटाचं. ठाणातला शेवटचा तुकडा. एक कात्री वाकडी गेली की खेळ खलास. "जावयाचा कोट माझ्या हातचा," हे मास्तर दिसेल त्याला सांगत आले होते. व्याह्यांना सांगितलं, चष्मेवाल्याला सांगितलं, पत्ता विचारायला दुकानात डोकावलेल्या माणसालाही पत्त्याच्या आधी हेच सांगितलं. आता हात असा संपावर गेला तर जावई समोरच्या रेडीमेडच्या दुकानातला कोट घालून उभा राहणार. आणि त्या दुकानाकडे तर मास्तर बघतसुद्धा नसत. रस्ता ओलांडतानाही मान दुसरीकडे वळवून ओलांडत. त्यापायी आजवर किती सायकलवाले त्यांच्या अंगावर पडले असतील, त्याची गणती नाही.

दुकानात कामाची वाटणी पक्की होती. मास्तर कापणार, बायको शिवणार. मास्तरांच्या मते कापणं ही विद्या आणि शिवणं हे काम. यावर बायकोचं मत काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मशीनच्या आवाजात उत्तर ऐकू आलं नसतं.

उजव्या खांद्याचं हे दुखणं वर्षभराचं होतं. शेक झाला, तेल झालं, मलम तर इतकं झालं की ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून डोळे पुसायचं आणि मास्तरांना वाटायचं, कोट आवडला. शेवटी बायकोने हाताला धरून रस्त्याच्या टोकाला असलेल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई सांधे आणि स्नायूंच्या जुन्या दुखण्यांवर इंजेक्शनं देत. हात हलका, असं सगळे सांगायचे. पण मास्तरांनी टेबलावरची ती सुई पाहिली आणि त्यांचा सगळा जीव पायांत गोळा झाला, पळायच्या तयारीने.

म्हणजे सुईला ते भीत होते असं नव्हे. दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलणारा माणूस तो. पण त्या टाचण्या त्यांच्या ताब्यातल्या असत. सुई दुसऱ्याच्या हातात आणि आपण कापड, हा हिशेब त्यांना मानवत नव्हता.

"इथे दुखतं?" डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून विचारलं.

"नाही."

"इथे?"

"छे."

"आणि इथे?"

"बरं वाटतंय की."

"अहो, मग दुखतं कुठे?"

"दुकानात," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी सुई बाजूला ठेवली. "हे बघा मास्तर, स्नायूत गाठ धरलीय. बारीक सुईने गाठीत थोडं औषध सोडलं की ती सैल पडते. पण गाठ नेमकी सापडायला हवी. मी अंदाजाने टोचणार नाही. असं करा, काम करताना दुखेल तेव्हा जिथे दुखतं तिथे खूण करून ठेवा आणि मग या."

तेच दुखणं घेऊन मास्तर आता दुकानात दात आवळून उभे होते.

"चला, शर्ट काढा," बायको पेन घेऊन उठली. "आत्ता दुखतंय तर आत्ताच फुली मारते."

"इथे? काचेचं दार आहे. समोरचा बघेल."

"समोरच्याला तुमच्या पाठीचं काय कौतुक?"

"ते काही नाही. साहेबांवर टाचणी लाव."

साहेब म्हणजे दुकानातला पुतळा. डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत, खाली लाकडी दांडा; पण अंगावर कायम उंची कोट, म्हणून साहेब. तरुणपणी मास्तरांनी तो स्वतःच्या मापाने बनवून घेतला होता. पुढे मास्तरांचं पोट सुटत गेलं तसतसा ते प्रामाणिकपणे साहेबांच्या पोटावरही कापूस चढवत गेले. त्यामुळे आता मागून पाहिलं तर मास्तर कुठले आणि साहेब कुठले हे फक्त उंचीवरून कळायचं, आणि तेही साहेब थोडे ताठ उभे राहत म्हणून.

मग दिवसभर तोच धंदा झाला. मास्तर रद्दीच्या कागदावर कात्री चालवायचे. मधेच "आई गं" म्हणायचे. की बायको मशीन थांबवायची, उठायची, "कुठे?" म्हणायची, आणि मास्तर दाखवतील तिथे साहेबांच्या पाठीत टाचणी खुपसून पुन्हा मशीनवर बसायची.

"जरा खाली."

"इथे?"

"जरा आत. अगं, हाडाच्या खाली. आई गं."

"पुतळ्याला हाड नाही. बोटाने सांगा."

"बोट वर जात असतं तर दुखणं कशाला असतं?"

संध्याकाळी दुकान आवरताना मास्तरांनी साहेबांना चारी बाजूंनी न्याहाळलं. उजव्या खांद्यावर टाचण्यांचा झुबका होता आणि आसपास तुरळक वस्ती होती. काम चोख झालं होतं. आणि ते बघता बघता त्यांच्या डोक्यात एक विचार आला. असा विचार फक्त शिंप्याच्याच डोक्यात येऊ शकतो.

"काय गं," ते म्हणाले, "आपली निम्मी गिऱ्हाईकं शर्ट शिवायला स्वतः येतात का?"

"नाही. मापाला जुना शर्ट पाठवतात."

"आणि आपण शिवून देतो का नाही? बसतो का नाही अंगाला? मग मला एक सांग, मी दवाखान्यात जायची गरज काय? साहेबांना पाठवू. माझंच माप, माझ्याच खुणा. डॉक्टरांनी निवांत बघावं आणि गोळ्या पाठवून द्याव्यात."

"शर्टाला इंजेक्शन देत नाहीत, अहो."

"तेच तर म्हणतोय मी."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती एक शिकली होती, की मास्तरांचा विचार पाण्यात पडल्याशिवाय बुडत नाही. "पाठवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी हजर झाला. भिंगरी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पाय एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलं, आणि ते इतकं चिकटलं की त्याच्या आईलासुद्धा खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे. मास्तरांनी साहेबांच्या गळ्याला दुकानाची चिठ्ठी अडकवली, शिवायच्या कपड्याला लावतात तशी: 'मास्तर. उजवा खांदा. अर्जंट.' साहेबांना भिंगरीच्या स्कूटरवर मागे बसवलं, नाडीने त्याच्या पोटाशी बांधलं आणि टाचण्यांची डबी त्याच्या खिशात टाकली.

"भाऊजी, डबी कशाला?"

"एखादी पडली तर लाव. जिथली तिथे."

एखादी पडेल या हिशेबाने मास्तर बोलले होते. पण दवाखान्याच्या थोडं अलीकडे रस्त्यावर जो उंचवटा होता, तो भिंगरीला दिसला तेव्हा तो ओलांडून झाला होता. स्कूटर उडाली, भिंगरी उडाला, आणि साहेबांच्या अंगातून टाचण्या अशा सुटल्या की मागून येणाऱ्या सायकलचा टायर जागीच बसला.

भिंगरीने साहेबांना कडेला उभं केलं आणि आठवून आठवून टाचण्या लावल्या. खांद्याच्या लावल्या. बाजूच्या काही शाबूत होत्या, त्या दाबून बसवल्या. तरी डबी भरलेलीच. आता भिंगरीची स्वतःची कंबर स्कूटरपायी महिनोन्महिने ठणकत होती. त्याने विचार केला, डॉक्टर बघणारच आहेत, एका फेरीत दोन कामं झाली तर काय वाईट. त्याने साहेबांच्या कमरेवर तळहाताएवढ्या जागेत दाटीवाटीने टाचण्या लावल्या. मन भरलं तेव्हा थांबला.

दवाखान्यात गर्दी होती. भिंगरीने नंबर घेतला, साहेबांना बाकावर दोन माणसांच्या मधे टेकवलं, टाचण्यांची डबी शेजारी ठेवली आणि "आलोच चहा घेऊन" म्हणून गेला. भिंगरीचं "आलोच" म्हणजे काय ते त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं. बाकावरच्यांना नव्हतं.

साहेबांच्या डावीकडे एक आजी बसल्या होत्या, मानेला पट्टा लावून. उजवीकडे एक निवृत्त पोस्टमन, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून. मान वळवता येत नव्हती म्हणून आजींनी सगळंच अंग वळवून साहेबांकडे पाहिलं.

"हे काय नवीन?"

"सोय दिसतेय," पोस्टमन म्हणाले. "जिथे दुखतं तिथे टाचणी लावायची. म्हणजे आत गेल्यावर सांगत बसायला नको."

"बरं केलं बाई. मला आत गेलं की आठवतच नाही." आजींनी डबीतली टाचणी उचलली आणि साहेबांच्या मानेत रोवली. मग जरा विचार करून शेजारी आणखी एक. "ही रात्री दुखते ती."

पोस्टमननी साहेबांना वरून खालपर्यंत पाहिलं. "याला गुडघेच नाहीत."

"मग दांड्याला लावा."

"लाकडात टाचणी शिरायची नाही." अखेर त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि दांड्याला करकचून बांधला. बाकावरच्या बाकीच्यांनाही मग राहवेना. कुणी कोपर आणलं होतं, कुणी बरगडी. साहेबांना हात नव्हते, म्हणून कोपरवाल्याने अंदाजाने हवेत जिथे कोपर आलं असतं त्याच्या सर्वांत जवळची जागा गाठली. साहेबांचं साळिंदर झालं.

डॉक्टरीणबाईंनी नंबर पुकारला. कुणी उठेना. मदतनीस बाहेर आला. हा माणूस एवढा धिप्पाड की सगळे त्याला पहिलवान म्हणत, आणि हुकमाचा एवढा पक्का की डॉक्टरीणबाई "जरा दार लाव" म्हणाल्या तर पुन्हा उघड म्हणेपर्यंत कुणाला आत सोडत नसे. त्याने साहेबांना काखोटीला मारलं आणि आत नेऊन टेबलावर निजवलं.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली. 'अर्जंट' वर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी टाचण्या पाहिल्या. मान, खांदा, पाठ, बरगडी, कंबर. खाली दांड्याला आवळून बांधलेला रुमाल. त्या गंभीर झाल्या.

"जो माणूस एवढं दाबलं तरी 'बरं वाटतंय' म्हणतो," त्या म्हणाल्या, "तो हे असं पाठवतो, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं आहे. अंगभर दुखतंय, आणि पाय तर बांधूनच ठेवावे लागतायत. स्वतः येऊसुद्धा शकला नाही बिचारा. पहिलवान, चाकाची खुर्ची घे. मास्तरांना इकडे आण. एक पाऊल चालू द्यायचं नाही."

मास्तर तेव्हा दुकानात पाय पसरून गोळ्यांची वाट बघत होते. मन इतकं हलकं झालेलं की शीळ वाजवत होते. काचेच्या दारातून पहिलवान आणि खुर्ची दोन्ही एकदम आत आले.

"बसा," पहिलवान म्हणाला.

"कशाला?"

"तुम्हाला चालता येत नाही."

"कोण म्हणतं? हे बघा." मास्तरांनी टेबलाभोवती एक फेरी मारून दाखवली.

पहिलवानाने ती फेरी दुःखाने बघितली. "सगळे असंच करतात," तो म्हणाला, आणि दुसऱ्या फेरीत मास्तर जवळून जाताना त्याने त्यांना अलगद उचलून खुर्चीत ठेवलं. पट्टा लावला. मास्तर कापडाच्या गठ्ठ्यासारखे बसले. बायकोने जावयाचं निळं कापड घडी घालून कपाटात ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि पदर सावरून खुर्चीबरोबर चालू लागली.

रस्त्यावर ही वरात निघाली तशी दुकानादुकानांतून माणसं पायरीवर आली.

"काय झालं हो मास्तरांना?" चष्मेवाल्याने विचारलं.

"खांदा," बायको म्हणाली.

"मग चाकाची खुर्ची?"

"ते त्यांनाच विचारा. माप त्यांनीच पाठवलंय."

इतक्यात रेडीमेडच्या दुकानाचा मालक घाईघाईने रस्ता ओलांडून आला. मनाने तो वाईट नव्हता, हेच त्याचं वाईट होतं. खुर्चीबरोबर चालता चालता त्याने मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, तब्येतीपुढे काही नाही. जावयाच्या कोटाची काळजी सोडा. रविवार माझ्यावर. आतून तुमच्या दुकानाचं लेबल लावून देतो, कुणाला कळायचं नाही."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. या खुर्चीत बसल्यापासून त्यांना सुईची भीती वाटत होती. आता त्याहून मोठी भीती समोर उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांसमोर जावई उभा होता, अंगात परका कोट, आत मास्तरांचं लेबल, आणि वर हा माणूस पंगतीत गोड हसत फिरतोय.

"पहिलवान," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जरा जोरात ढकल."

दवाखान्यात शिरताच बाकावरून आजी म्हणाल्या, "अगंबाई, हेच ते. पोट अगदी तस्संच."

"मूळ प्रत," पोस्टमन म्हणाले आणि आदराने पाय आत ओढून घेतले.

आत टेबलावर साहेब निजले होते आणि शेजारी ट्रेमध्ये इंजेक्शनांची रांग मांडली होती. ती बघून मास्तरांचा मघाचा धीर बराचसा मावळला.

"मास्तर, एवढं सगळं अंगावर काढलंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता एकेक जागा घेऊ. कमरेपासून सुरुवात करते."

"कंबर? कमरेत मला काही होत नाही."

"त्या दिवशी खांद्यातही काही होत नव्हतं."

"ते वेगळं. हे खरं आहे."

"मान?"

"मान ठणठणीत आहे, आईशप्पथ."

"मास्तर," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आणि पुतळा यांच्यात मी पुतळ्यावर विश्वास ठेवते. तो माझ्याशी अजून खोटं बोललेला नाही."

मास्तरांनी ट्रेकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. आता एकच वाट उरली होती. सगळीकडून वाचायचं तर एका जागेची कबुली द्यावी लागणार होती. त्यांनी शर्ट काढला, खिशातला खडू घेतला, डावा हात मागे नेला, आणि जन्मात कुठल्या कापडावर घातली नसेल इतकी नेमकी फुली स्वतःच्या खांद्यामागे घातली.

"इथे. फक्त इथे. दाबून बघा."

डॉक्टरीणबाईंनी दाबलं. मास्तरांनी असा काही आवाज काढला की बाहेरचा बाक एकदम उभा राहिला. दार ढकलून आधी आजी आत आल्या.

"बाई, मानेच्या दोन टाचण्या माझ्या आहेत. त्या गरिबाला टोचू नका."

"रुमाल माझा," मागून पोस्टमन म्हणाले. "धुतलेला आहे."

मग कोपरवाला आला, बरगडीवाली आली. सर्वांत शेवटी भिंगरी आला, हातात चहाचा रिकामा कप. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा म्हणाला, "कमरेच्या माझ्या. पण त्या स्वस्थ बसून लावल्यात, तेव्हा बरोबर जागी असतील."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू आलं, आणि एकदा आलं ते आवरेना. त्या हसता हसता सगळ्यांना बाहेर घालवून आल्या, हात धुतले, खडूची फुली पुसून तिथे औषधाचा बोळा फिरवला.

"मास्तर, श्वास सोडा."

मास्तरांनी डोळे मिटले, बायकोची बोटं पकडली. खांद्यात काहीतरी बारीक शिरलं. आतला स्नायू पाण्यातून काढलेल्या मासोळीसारखा एकदा तटकन उडाला आणि निवला. वर्षभर खांद्यावर कुणीतरी हात ठेवून उभं होतं, ते जणू "बरंय, येतो" म्हणून निघून गेलं.

"एवढंच?" मास्तरांनी एक डोळा उघडला.

"एवढंच. आज आराम. दोन दिवस जरा ठणकेल. उद्यापासून हात हलता ठेवा, घाबरू नका."

"घाबरतंय कोण," मास्तर म्हणाले आणि बायकोची बोटं सोडली. बायकोने ती झटकून रक्त परत खेळवलं.

डॉक्टरीणबाई साहेबांच्या अंगातल्या टाचण्या काढत होत्या. मानेच्या आजींच्या म्हणून वेगळ्या काढल्या. कमरेच्या भिंगरीच्या नावाने ठेवल्या. खांद्याच्या मास्तरांच्या. काढता काढता त्या थांबल्या. मानेच्या डाव्या बाजूपासून खाली पाठीच्या मधोमध एक ओळ उरली होती. सरळ, सारख्या अंतरावर, शिवणीसारखी.

"या कुणाच्या?"

भिंगरीने दारातून मान आत घातली. "माझ्या नाहीत. रस्त्यात पडल्यासुद्धा नव्हत्या त्या. फार खोल होत्या."

मास्तर आठवू लागले, आपण कधी डाव्या बाजूला हात दाखवला का.

"माझ्या," बायको म्हणाली.

"तुझ्या?"

"दिवसभर उठत होते, बसत होते. हातात टाचणी होतीच. तुमची एक लावली की माझी एक लावायचे."

"अगं पण तू कधी ओरडली नाहीस."

"मशीन चालू असतं," बायको म्हणाली. "ऐकू कुठलं येणार?"

मास्तर टाचण्यांच्या त्या ओळीकडे बघत राहिले. ओळ त्यांच्या स्वतःच्या झुबक्यापेक्षा लांब होती. इतकी वर्षं आपण तिच्यासमोर उभे होतो आणि ती खाली मान घालून शिवत होती. ही मान खाली आहे हे आपल्याला दिसायचं, ती दुखत असेल हे कापडावर कुठे लिहिलेलं नसायचं.

"आधी हिला बघा," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, जणू बाहेर रांग नव्हतीच.

बायको स्टुलावर बसली. डॉक्टरीणबाईंनी बोटाने चाचपलं. "तुमची एक गाठ होती मास्तर. यांची माळ आहे."

मास्तर पुढे झाले, तिचा हात हातात घेतला. "घाबरू नकोस. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"मी नाही घाबरत. तुम्ही हात सैल धरा. आणि खाली बसा, तुम्ही पांढरे पडलात."

मास्तर खाली बसले. तेवढ्यात पहिलवानाने तत्परतेने त्यांच्याखाली चाकाची खुर्ची सरकवली, म्हणून बरं झालं.

परतताना मास्तर चालत आले. वाटेत रेडीमेडवाला काळजीने दारात उभाच होता. इतक्या वर्षांत प्रथमच मास्तरांनी त्याच्या दुकानाकडे तोंड करून पाहिलं आणि उजवा हात वर करून त्याला नमस्कार केला. हात पुरता वर गेला नाही, पण कालच्यापेक्षा वीतभर जास्त गेला, आणि ती वीत मास्तरांनी घरी येईपर्यंत प्रत्येक ओळखीच्या माणसाला दाखवली.

सकाळी त्यांनी निळं कापड पुन्हा अंथरलं. खांदा थोडा ठणकत होता. कात्री उचलली, हात पुढे नेला. टेबलाचा अर्धा भाग आला आणि गेला. पलीकडचा काठ आला. कात्री कापडातून अशी गेली की आवाजसुद्धा तिला मागून गाठत होता. पाठ, बाह्या, कॉलर, खिसे. सगळे तुकडे कापून मास्तरांनी ते एकावर एक रचले आणि सवयीने मशीनच्या बाजूला सरकवले.

मशीनवर कुणी नव्हतं.

"दोन-तीन दिवस मशीनवर वाकायचं नाही म्हणून सांगितलंय मला," बायको म्हणाली. ती टेबलाशी ठेवलेल्या मास्तरांच्या उंच खुर्चीवर बसली होती, मान सरळ, हातात चहाचा कप. "आणि रविवार काही थांबणार नाही."

मास्तरांनी तुकड्यांकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे पाहिलं. मग त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच मशीनचं स्टूल ओढलं आणि बसले. दोरा ओवायला त्यांना इतका वेळ लागला, की शेजारून चष्मेवाला मदतीला येऊन गेला. पाय मागे-पुढे झाला की मशीन उलटं धावायचं. दोऱ्याचा गुंता झाला, तो सोडवला. पुन्हा झाला. दुपारपर्यंत एक बाही कशीबशी जोडून झाली. मास्तरांनी ती उचलून उजेडात धरली. कपाळावर घाम होता, मान दुखत होती, पण ऊर भरून आला होता.

"बघ," ते म्हणाले.

बायको खुर्चीवरून उतरली नाही. तिने कप खाली ठेवला, बाही हातात घेतली, उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं. बोट एका ठिकाणी थांबलं.

"इथे चुणी आलीय."

"एवढीशी तर आहे. अंगात घातल्यावर कुणाला दिसणार आहे?"

बायकोने बाही त्यांच्या मांडीवर परत ठेवली आणि कप उचलला.

"उसवा," ती म्हणाली.